मेटाबॉलिक प्रोफाइलचे महागडे पॅकेज आणि तीन तासांची श्वासचाचणी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी पोटाच्या जुनाट तक्रारींसाठी ‘संपूर्ण मेटाबॉलिक प्रोफाइल’ या नावाचे एक तपासणी-पॅकेज सध्या घरोघरी विकले जात आहे. रक्त, लघवी आणि शौच अशा तीन नमुन्यांवरून शरीरातील सुमारे साठ रासायनिक घटक मोजून, साध्या अपचनापासून क्रोन्सच्या आजारापर्यंत (हा आतड्याच्या दीर्घ दाहाचा आजार) कशाची किती शक्यता आहे हे सांगणारा अहवाल मिळेल, असे त्याच्या पत्रकावर छापलेले आहे. मी येथे रक्त-लघवी तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवतो. या पॅकेजचे नमुने गोळा करण्याचे केंद्र आपल्याकडे सुरू करावे, असा प्रस्ताव कंपनीच्या प्रतिनिधीने माझ्यापुढेही ठेवला होता. तो स्वीकारावा की नाही हे ठरवण्यासाठी मी गावातल्या लोकांना आलेले अहवाल वाचले, माझ्या थोरल्या बहिणीची तपासणी या पॅकेजमधून करवली आणि तिचीच हायड्रोजन श्वासचाचणी, म्हणजे दुधातील साखर पचते का हे श्वासावरून पाहणारी तपासणी, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी केंद्रात करवून घेतली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण असेच पॅकेज उद्या दुसऱ्या नावानेही येऊ शकते आणि वाचकाने तेव्हाही हेच प्रश्न विचारावेत अशी माझी इच्छा आहे. माझे मत असे झाले आहे की श्वासचाचणीसाठी केलेला खर्च आणि प्रवास दोन्ही सार्थकी लागतात, तर रोगनिदानासाठी म्हणून हे पॅकेज आज कोणीही घेऊ नये.

पॅकेजच्या मागचे शास्त्र मात्र खोटे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपण जे खातो त्याचे पचन आपल्या पेशी आणि आतड्यातील जंतू मिळून करतात, आणि त्या कामातून तयार होणारे हजारो छोटे रेणू रक्तात, लघवीत, शौचात व श्वासात उतरतात. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांनी त्यांतील शेकडो रेणू एकाच वेळी मोजता येतात. कॅनडातील संशोधकांनी मानवी शरीरातील अशा रेणूंची जी यादी २००७ साली प्रथम खुली केली, तिच्यात आज दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. पचनसंस्थेच्या बाबतीत या अभ्यासातून खरोखर मोलाची माहिती हाती आली आहे. मोठ्या आतड्याच्या आतील थराच्या पेशी ब्युटिरेट नावाच्या आम्लावर पोसल्या जातात. ते आम्ल जंतू तंतुमय अन्न कुजवून तयार करतात, आणि आतड्याच्या दीर्घ दाहाच्या आजारांत शौचातील त्याचे प्रमाण अनेकदा घटलेले आढळते. क्रोन्सच्या रुग्णांच्या लघवीत हिप्पुरेट कमी असते, असे दिसून आले आहे, कारण हिप्पुरेटचा कच्चा माल आतड्यातील जंतू पुरवतात आणि त्याची शेवटची जोडणी यकृतात होते. सिट्रुलीन हे अमिनो आम्ल तर बव्हंशी लहान आतड्याच्या पेशींतच बनते. त्यामुळे त्या पेशींचा मोठा ऱ्हास झाला की रक्तातील सिट्रुलीन उतरते. यकृताने सोडलेल्या पित्ताम्लांचे जंतू पुढे वेगळ्या पित्ताम्लांत रूपांतर करतात, आणि आतडे आजारी पडले की हे रूपांतर मंदावते. आतड्याच्या आत डोकावण्याची ही वाट मला विलक्षण वाटते, आणि पुढील काळात तिच्यातून आपल्या भागातील रुग्णांना काही हाती लागावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी आहे की संशोधनात दिसलेला फरक हा आजारी आणि निरोगी अशा दोन गटांच्या सरासरीतला फरक असतो, आणि माझ्या काउंटरसमोर उभा राहतो तो एक माणूस. ब्युटिरेट दाहात घटते, तसेच प्रतिजैविकांचा कोर्स घेतल्यावरही घटते आणि महिनाभर भाजीपाला कमी खाल्ला तरी घटते. सिट्रुलीन लहान आतड्याच्या ऱ्हासात उतरते, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर ते रक्तात साचते आणि खरी घट झाकली जाते. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून अनेक जन्मजात चयापचय विकार मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखता येतात, कारण तेथे एक विशिष्ट विकर (एन्झाइम) बिघडते आणि ठरावीक रेणू साचतात. आतड्याच्या आजारांत मात्र वेगवेगळे आजार तेच रेणू त्याच दिशेला ढकलतात. यात साध्या गणिताचीही भर पडते. प्रत्येक घटकाची सामान्य मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखण्याची रीत आहे. म्हणजे साठ घटक मोजले की पूर्ण निरोगी माणसाच्या अहवालातही सरासरीने तीन लाल खुणा पडणारच. पत्रकात याचा उल्लेख नाही. सामान्य मर्यादा कोणत्या लोकांवरून ठरवली, ते काय खात होते, कोणत्या वयाचे होते, हेही अहवालात कोठे लिहिलेले नाही. प्रतिनिधीला विचारल्यावर त्यांनी केवळ ‘आंतरराष्ट्रीय निकष’ एवढे उत्तर दिले.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब नमुन्यांच्या हाताळणीची आहे, आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. लघवी किंवा शौचाचा नमुना डबीत बंद केला म्हणजे त्यातील रसायनक्रिया थांबत नाही. त्यातील जंतू जिवंत असतात आणि ते डबीतही आपले काम चालू ठेवतात. म्हणूनच अशा अभ्यासांत नमुना ताबडतोब बर्फात ठेवून लवकरात लवकर गोठवतात आणि पुढे उणे ८० अंश सेल्सिअसच्या शीतपेटीत साठवतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या पॅकेजचा नमुना खेड्यातल्या घरून सकाळी घेतला जातो, गोळा करणाऱ्या मुलाच्या मोटारसायकलच्या पिशवीत इतर घरांच्या फेऱ्या होईपर्यंत फिरतो, दुपारी बसस्थानकाजवळच्या कुरिअरच्या दुकानात पोहोचतो आणि रात्रीच्या गाडीने महानगराकडे निघतो. सोबत दिलेला जेलचा आइस पॅक दुपारपर्यंत पाणी झालेला मी स्वतः हाताने तपासला आहे. रक्ताचीही तीच गत आहे. सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून सीरम (रक्तातील पातळ द्रव) वेगळे केले नाही, तर नळीतील रक्तपेशी साखर खात राहतात. साधारण तापमानालाही रक्तातील ग्लुकोज दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते आणि लॅक्टेट वाढत जाते. मधुमेहाच्या तपासणीसाठी आम्ही फ्लोराइडची करड्या झाकणाची नळी वापरतो, ती याचसाठी. ज्या तपासणीचा सारा अर्थ छोट्या रेणूंच्या बारीक चढउतारावर उभा आहे, तिचा नमुना अशा प्रवासानंतर यंत्रावर चढला तर अहवालात रुग्णाचे आतडे किती आणि वैशाखातले ऊन किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. नमुना घेतल्याची आणि गोठवल्याची वेळ अहवालावर छापलेली असती, तर वाचणाऱ्याला किमान अंदाज तरी आला असता. तेवढीही सोय केलेली नाही.

आहाराबद्दलही हेच घडते. आदल्या दिवशी काय खाल्ले, कोणती औषधे घेतली, याचा साधा अर्जसुद्धा रुग्णाकडून भरून घेतला जात नाही. चहात असलेल्या द्रव्यांमुळे लघवीतील हिप्पुरेट वाढते. आमच्याकडे शेतावर निघण्यापूर्वी दोनदा आणि दुपारी पुन्हा चहा घेणारी माणसे घरोघरी आहेत. अंगदुखीसाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलचे अवशेष लघवीच्या एनएमआर आलेखात ठळकपणे उमटतात, आणि कापूस वेचणीच्या हंगामात ही गोळी न घेणारी बाई सापडणे कठीण आहे. खर्ऱ्यातील तंबाखूचे निकोटीन शरीरात कोटिनीन होऊन लघवीत उतरते, ही बाब वेगळीच. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी खाणाऱ्या माणसाच्या आतड्यातील जंतूंचा संसार पावावर जगणाऱ्या माणसासारखा असणार नाही. त्यामुळे परक्या लोकसंख्येवर आखलेल्या मर्यादेबाहेर आपला आकडा गेला म्हणजे आपण आजारी आहोत, असे धरून चालणे अन्यायाचे आहे.

माझ्या बहिणीची तक्रार अनेक वर्षांची. तिच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘दूध घेतलं का पोट नगाऱ्यावानी होते’. दुपारनंतर पोट फुगणे, गुडगुडणे, मधूनच पातळ शौचास होणे, असा तिचा त्रास आहे. वजन घटलेले नाही, ताप नाही, शौचातून रक्त नाही. पॅकेजचा अहवाल गुळगुळीत कागदाच्या जाड पुस्तिकेच्या रूपात आला. त्यात हिप्पुरेट वाढलेले, दोन अमिनो आम्ले मर्यादेबाहेर आणि शौचातील आम्ले घटलेली दाखवली होती, आणि निष्कर्ष म्हणून ‘आतड्यातील जंतूंचा मध्यम असमतोल, दाहाची शक्यता नाकारता येत नाही’ असे लिहिले होते. या वाक्याच्या आधारे कोणताही डॉक्टर कोणतेही औषध सुरू करू शकत नाही आणि बंदही करू शकत नाही. पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर त्याच कंपनीची प्रोबायोटिक (उपकारक जंतूंची) पावडर तीन महिने घेण्याची शिफारस होती. तपासणी करणाऱ्यानेच औषध विकावे, ही पद्धत मला मान्य नाही. दोन्ही कामे एकाच गल्ल्यावर आली की अहवाल कोरा निघणे कोणाच्याच सोयीचे राहत नाही.

आता श्वासचाचणीकडे वळतो. हीसुद्धा चयापचयाचीच (मेटाबॉलिक) तपासणी आहे, पण ती एकच प्रश्न विचारते. मानवी पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत. तो केवळ जंतूंच्या कुजवण्यातून निर्माण होतो, आतड्यातून रक्तात शिरतो आणि फुप्फुसातून बाहेर पडतो. दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज लहान आतड्यात पचली, तर मोठ्या आतड्यातील जंतूंपर्यंत ती पोहोचत नाही. न पचता खाली उतरली तर जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि श्वासातील हायड्रोजन वाढतो. चाचणीत उपाशीपोटी एकदा फुंकर घेतात, मग २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात, आणि त्यानंतर तीन तास ठरावीक अंतराने फुंकर घेत राहतात. उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा हायड्रोजन दहा लाख भागांत २० भाग किंवा अधिक वाढला, तर लॅक्टोज पचत नाही असे मानतात. हा निकष उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१७ सालच्या सहमतीच्या लेखात दिलेला आहे. येथे नमुना प्रवास करत नाही. फुंकर यंत्रात जाते आणि आकडा रुग्णाच्या डोळ्यांदेखत पडद्यावर येतो, हा खेड्यातील रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा गुण आहे.

केंद्राने केलेले काम एकंदरीत चोख होते. नोंदणीच्या वेळीच त्यांनी विचारले की गेल्या चार आठवड्यांत प्रतिजैविके घेतली होती का आणि आठवडाभरात पोट साफ होण्याचे औषध घेतले होते का. आदल्या दिवशी भाकर, डाळ, हरभरा, कांदा, दूध आणि फळे बंद ठेवून फक्त साधा भात मीठ-तेल घालून खायला सांगितले, कारण तंतुमय आणि डाळीचे अन्न आतड्यात रेंगाळले तर उपाशीपोटीचाच आकडा वर जातो. रात्रभर उपास, सकाळी खर्रा, विडी, सुपारी काही नाही, आणि चाचणीपूर्वी औषधी द्रव्याने गुळण्या, जेणेकरून तोंडातील जंतूंनी साखर कुजवून आकडा फुगवू नये. तंत्रज्ञ मुलगी प्रत्येक फुंकरीच्या वेळी ‘मावशी, आता पोट कसं वाटतं’ असे विचारून उत्तर आकड्याशेजारी लिहीत होती. ही नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची असते, कारण हायड्रोजन वाढूनही त्रास न होणारी माणसे पुष्कळ असतात आणि त्यांना दूध सोडायला लावण्यात अर्थ नसतो. बहिणीचा उपाशीपोटीचा आकडा पाचच्या आत होता. दीड तासानंतर तो साठच्या पुढे गेला आणि त्याच सुमारास पोट गुडगुडू लागले. निदान झाले. शुल्क पॅकेजच्या दहाव्या हिश्शाइतकेही नव्हते.

केंद्राच्या डॉक्टरांनी दिलेला सल्लाही नेमका होता. २५ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे जवळपास अर्धा लिटर दुधातील साखर होते. एवढी पचली नाही म्हणून दुधाचा थेंबही वर्ज्य करावा लागत नाही. सुमारे १२ ग्रॅमपर्यंतचे लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, ज्यांना ही साखर पचत नाही अशा बहुतेक प्रौढांना जेवणासोबत फारसा त्रास न होता चालते. दह्यात आणि ताकात जंतूंनी काही लॅक्टोज आधीच फस्त केलेले असते आणि त्यांचे विकर उरलेले पचवण्यास मदत करते. बहिणीचे रात्रीचे पेलाभर दूध गेले, पण दुधाचा चहा आणि दुपारचे ताक टिकले. प्रौढपणी हे विकर कमी होणे भारतात अगदी सर्रास आढळते, त्याला आजार म्हणण्याचेही कारण नाही, हे तिला कोणीतरी नीट समजावून सांगितले याचे मला फार समाधान वाटते.

केंद्रात उणिवाही आहेत. त्यांचे यंत्र केवळ हायड्रोजन मोजते. काही माणसांच्या आतड्यात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव अधिक असतात. ते हायड्रोजनचे चार रेणू खर्चून मिथेनचा एक रेणू बनवतात, त्यामुळे लॅक्टोज पचत नसूनही हायड्रोजनचा आकडा शांत राहू शकतो. मिथेनही मोजणारे यंत्र असेल तर अशी चूक टळते. त्यामुळे या केंद्रातून आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल ‘पॉझिटिव्ह’ अहवालाइतका ठाम समजू नये. चाचणी सकाळी आठला सुरू होते, म्हणजे आमच्या बाजूच्या खेड्यातून येणाऱ्याला पहिली एसटीही पुरत नाही, आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे लागते. तयारीच्या सूचना केवळ इंग्रजीत छापलेल्या आहेत. लहान आतड्यात जंतू वाढल्याच्या संशयासाठीही तेथे ग्लुकोजची श्वासचाचणी करतात, पण तिच्या अर्थाबाबत तज्ज्ञांत बरेच मतभेद आहेत, तेव्हा ती डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज करू नये.

श्वासाच्याच मार्गाने होणारी दुसरी भरवशाची तपासणी म्हणजे जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठीची युरिया श्वासचाचणी. या जंतूचे विकर युरिया फोडते, म्हणून कार्बन-१३ ची खूण असलेला युरिया प्यायला दिला की खुणेचा कार्बन डाय-ऑक्साइड श्वासात येतो. ज्या जंतूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले, तो हाच. पित्ताच्या म्हणून घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद केल्या नाहीत तर निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. या गोळ्या आमच्याकडे चिवड्यासारख्या खाल्ल्या जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पॅकेजला माझा सर्वांत तीव्र विरोध ज्या कारणासाठी आहे, ते आतड्याच्या क्षयाचे आहे. क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात, दोन्हींत उजव्या बाजूला खाली दुखते, वजन घटते, बारीक ताप येतो, रक्त कमी होते. भारतात या दोघांना वेगळे करणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. त्यासाठी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करून तुकडा काढावा लागतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, क्षयजंतूचा शोध घ्यावा लागतो, आणि कित्येकदा क्षयाची औषधे देऊन व्रण भरतात का हे पाहावे लागते. चूक महागात पडते, कारण क्रोन्ससाठी दिलेली स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयाला मोकळे रान देतात. आमच्या गावातील एका तरुणाने वजन घटत असताना हे पॅकेज घेतले. अहवालात क्रोन्सची शक्यता ‘उच्च’ दाखवली गेली आणि घरच्यांनी त्या पुस्तिकेवर विसंबून आहार व पावडर यांत बराच काळ घालवला. पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कोलोनोस्कोपी झाली आणि तुकड्यात क्षय निघाला. सहा महिन्यांची औषधे घेऊन तो आता शेतीची कामे करतो आहे. जे रेणू दाहामुळे हलतात ते क्षयाच्या दाहातही हलणारच. या दोघांतील सीमारेषा दाखवण्याचा दावा करण्यापूर्वी कंपनीने आपल्या भागातील क्षयरुग्णांवर ही तपासणी पारखलेली असणे आवश्यक होते.

ज्यांना पोटाचा जुनाट त्रास आहे त्यांनी प्रथम हिमोग्लोबिन, शौचाची साधी सूक्ष्मदर्शक तपासणी आणि डॉक्टरांना वाटल्यास शौचातील कॅलप्रोटेक्टिन करून घ्यावे. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतील प्रथिन आहे. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्याला दाह असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर दाह बहुधा आहे. छोट्या रेणूंच्या मानाने ते उष्णतेत बरेच टिकते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी ते वाढते आणि क्षय की क्रोन्स हे ते सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पूर्व विदर्भात वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी सोल्युबिलिटी नावाची रक्तचाचणी आधी करावी, कारण त्या आजाराच्या वेदना पोटातही उठतात आणि ही चाचणी काही मिनिटांत होते. वजन घटणे, रात्री उठवणारे जुलाब, ताप किंवा शौचातून रक्त यांपैकी काहीही असेल तर कोणत्याही पॅकेजची वाट न पाहता सेवाग्राम, यवतमाळ किंवा नागपूर यांपैकी जे जवळ असेल तेथील वैद्यकीय महाविद्यालय गाठावे.

कंपनीच्या प्रतिनिधीला मी माझ्या अटी लेखी दिल्या आहेत. नमुना घेतल्याची व गोठवल्याची वेळ अहवालावर छापावी, कोरड्या बर्फाची पेटी पुरवावी, आहार व औषधांचा अर्ज रुग्णाकडून भरून घ्यावा, सामान्य मर्यादा कोणत्या लोकांवरून घेतली ते सांगावे आणि शिफारशींच्या पानावरून स्वतःची पावडर काढून टाकावी. हे होईपर्यंत आमच्याकडे या पॅकेजचा नमुना घेतला जाणार नाही. श्वासचाचणीच्या तयारीच्या सूचना मात्र केंद्राच्या परवानगीने मराठीत उतरवून आमच्या काउंटरवर ठेवल्या आहेत. जिल्ह्याला निघण्यापूर्वी कोणीही येऊन त्या विनामूल्य घेऊन जाव्यात.